कूकुंगचं तिकीट आणि आईचा जुना पासपोर्ट

माझी आई अडतीस वर्षं पोस्टात होती, त्यातली निम्मी काउंटरवर. त्यामुळे ‘बीजिंगला जाऊ या का, राजवाडा बघायला?’ म्हटल्यावर तिनं राजवाड्याचं, म्हणजे कूकुंग ऊर्फ निषिद्ध नगरीचं (‘फॉरबिडन सिटी’), काहीच विचारलं नाही. ‘फॉर्म कुठला भरावा लागतो?’ एवढंच विचारलं. हे गेल्या जुलैमधलं. नोव्हेंबरात जाऊन आलो, त्यालाही आता तीन आठवडे होत आले. निघण्याआधी मी मराठीत काही वाचायला मिळतं का ते बरंच शोधलं होतं. ‘भव्य’ आणि ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ खूप सापडलं. तिकीट किती वाजता सुटतं, गुडघे दुखणाऱ्या माणसानं कुठे टेकायचं, शाकाहारी माणसानं काय खायचं, हे मात्र सापडलं नाही. तेवढंच लिहिते आहे.

जुलैतच उत्साहाच्या भरात मी राजवाड्याच्या संकेतस्थळावर परदेशी पर्यटकांसाठीचं खातं उघडलं आणि दोघींची नावं, पासपोर्टचे नंबर साठवून ठेवले. म्हटलं, ऐन वेळी टाइप करत बसायला नको. फोनमध्ये आईच्या पासपोर्टचा फोटो होताच, त्यावरूनच टिपून घेतला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्टमध्ये कळलं की आईचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय आणि व्हिसाला निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. मग नूतनीकरण, पोलीस पडताळणी, सगळं ओघानं आलं. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टानं आला तेव्हा आईनं पोस्टमनला चहा पाजला आणि पाकिटावरच्या बारकोडची चिकटवण तिरकी आहे हेही त्याला दाखवलं. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळाला होता. तो तिनं कपाटात, लॉकरच्या चावीखाली ठेवून दिला.

व्हिसाचा फॉर्म तेव्हा ऑनलाइन भरून, छापून, सही करून द्यायचा होता. छापल्यावर आठ-नऊ पानं होतात. आई-वडिलांची माहिती, नोकरीचा इतिहास, अलीकडे कुठल्या देशांत जाऊन आलात, सगळं विचारतात. आईच्या आईची माहिती भरताना आम्ही दोघी जरा वेळ थांबलो. आजी जाऊन वीस वर्षं झाली, आणि तिचं नाव चिनी सरकारच्या कागदावर येईल असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं पदर तोंडाला लावला असता. फोटोचं माप ३३ बाय ४८ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत. आपला नेहमीचा पासपोर्ट फोटो चालत नाही, स्टुडिओत माप सांगूनच काढा. सोबत आम्ही विमानाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, माझा आयटीआर, आईची पेन्शनची कागदपत्रं आणि एक कव्हरिंग लेटर जोडलं. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची लांब सुट्टी असते. त्या दिवसांत कागद द्यायचेही नाहीत आणि तिकडे फिरायला तर अजिबातच जायचं नाही. आम्ही दसरा होऊ दिला आणि १५ ऑक्टोबरला पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. व्हिसा केंद्रात दीड तास लागला. दोघींची मिळून फी सहा हजारांच्या आसपास झाली (ती बदलत असते, भरायच्या वेळी बघून घ्या). पुढच्या सोमवारी मी एकटीच जाऊन पासपोर्ट घेऊन आले.

आता पैशांचं. तिथे रोख चालते, पण देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे दोघांकडे सुटे नसतात. सगळा व्यवहार फोनवरच्या अलीपे किंवा वीचॅट या अ‍ॅपवर. अलीपे भारतात असतानाच उतरवून घ्या, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँकेचं कार्ड जोडा. बँकेचा ओटीपी घरी बसून पटकन येतो, बीजिंगच्या विमानतळावर तो यायची वाट बघत उभं राहणं नको. एका वेळी दोनशे युआनपर्यंत जादा आकार लागत नाही, त्यावर तीन टक्के लागतात. गूगल तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही. आपल्या सिमचं रोमिंग घेतलं तर उघडतं, म्हणून मी रोमिंगच घेतलं. महाग पडलं, पण आई हरवली तर काय, हा विचार त्याहून महाग होता.

राजवाड्याचं तिकीट सात दिवस आधी सुटतं, बीजिंगच्या रात्री आठला. चीन आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. सोमवारी राजवाडा बंद असतो. दाराशी जाऊन तिकीट काढू हा विचार डोक्यातून काढून टाका. रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते आणि तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. कागद वगैरे काही मिळत नाही, तुमचा पासपोर्ट हेच तिकीट. आम्हाला १४ नोव्हेंबर, गुरुवार हवा होता. ७ तारखेला पाच पंचवीसला मी फोन घेऊन बसले. आई शेजारी भाऊबीजेच्या उरलेल्या चकल्या डब्यात भरत होती. पान दोनदा अडकलं. पाच तेहतीसला सकाळच्या खेपेची दोन तिकिटं निघाली. थंडीच्या मोसमाचा दर, नोव्हेंबर ते मार्च, ४० युआन. उन्हाळ्यात ६०. आतल्या खजिन्याच्या दालनाचे माणशी १० वेगळे, तेही तेव्हाच घेतले. एकूण १०० युआन, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. साठवलेल्या यादीतून दोन नावांवर टिचकी मारली की झालं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

थेट विमान तेव्हा नव्हतं. मुंबईहून हाँगकाँगमार्गे, माणशी त्रेचाळीस हजार. निघालो ती कार्तिकी एकादशी होती, १२ नोव्हेंबर. आईनं विमानातलं काही घेतलं नाही. खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि हाँगकाँगला एक केळं. द्वादशीचं पारणं बीजिंगच्या हॉटेलात दशमी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर झालं. हॉटेल मी मुद्दाम तुंगहुआमन, म्हणजे राजवाड्याच्या पूर्व दरवाज्याजवळ घेतलं होतं, रात्रीचे ४८० युआन. तिआनआनमेन चौकातून यायचं तर चौकाचं वेगळं आरक्षण आणि लांब तपासणी असते. पूर्वेकडून खंदकाच्या कडेनं चालत दक्षिण दारापर्यंत येता येतं, त्यात आईचे निदान पाऊण तासाचे पाय वाचले. आत जायचं दार एकच, दक्षिणेचं. बाहेर पडायचं उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या दारानं. म्हणजे उलटं फिरता येत नाही, हे धरूनच आखणी करा.

उच्चारांबद्दल एक, कारण यात आपल्याला फुकटचा फायदा आहे. चिनी नावं रोमन लिपीत लिहिताना जिथे ‘ग’, ‘द’, ‘ब’ दिसतं तिथे उच्चार आपल्या क, त, प च्या जवळचा असतो. आणि ‘क’, ‘ट’, ‘प’ दिसतं तिथे ख, थ, फ. इंग्रजांना हा फरक कानांनी कळायला जड जातो, आपण तो बाराखडीत शिकलेलो असतो. म्हणून तिथे राहणाऱ्याच्या तोंडी बीजिंग नसून पेइचिंग असतं आणि राजवाडा, आपण ज्याला निषिद्ध नगरी म्हणतो, तो कूकुंग. जुना महाल, एवढाच अर्थ. टॅक्सीवाल्याला ‘फॉरबिडन सिटी’ म्हटलं तर तो हात हलवतो. ‘कूकुंग’ म्हटल्यावर मान हलवतो. आईनं दोन वाक्यं पाठ केली. ‘वो छ सू’, मी शाकाहारी आहे, आणि ‘खाइश्वेइ’, उकळतं पाणी. पहिल्याचा उपयोग निम्म्या वेळा झाला, कारण त्यांच्या शाकाहारात कधी कधी मांसाचं सूप निघतं. एका चिठ्ठीवर चिनीत ‘मांस, मासे, अंडं, त्यांचा रस्सा नको’ असं लिहून घेतलं होतं, ती जास्त उपयोगी. दुसऱ्याचा उपयोग प्रत्येक वेळी झाला. गरम पाणी तिथे विमानतळावर, स्टेशनवर, राजवाड्यातही फुकट मिळतं. स्टीलचा थर्मास न्या.

१४ तारखेला सकाळी आठला निघालो. ऊन स्वच्छ, पण वारा कानात शिरणारा. मफलर बांधून आई महाबळेश्वरला निघाल्यासारखी दिसत होती. खंदकाच्या काठाला राजघराण्यातल्या बायकांसारखे पोशाख आणि डोक्यावर फुलांचे जडजड मुकुट घालून मुलीच मुली उभ्या, प्रत्येकीसमोर एक फोटोवाला. आईनं एकीच्या मुकुटाखालचा स्वेटर बरोबर हेरला. खंदक ५२ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पलीकडे ती लाल भिंत. लाल म्हणजे कुंकवाचा नव्हे, गेरूचा म्हणावा असा.

पावणेनऊला वूमन या दक्षिण दरवाज्यासमोर रांगेत लागलो. पासपोर्ट यंत्रावर ठेवायचा. माझा हिरवा झाला. आईचा झाला नाही. पुन्हा ठेवला. नाही. रक्षकानं हातानं नंबर टाकून बघितला, मान हलवली आणि बाजूला व्हायला सांगितलं. मागची रांग आमच्या अंगावरून पुढे सरकू लागली. मला घाम फुटला, त्या थंडीत. बुकिंग उघडून पाहिलं तर आईचं नाव आहे, तारीख आहे, पैसे गेलेत. तीनदा पाहिल्यावर नंबराची सुरुवातच वेगळी आहे हे दिसलं. तो पुण्यातल्या कपाटात, लॉकरच्या चावीखाली पडलेल्या पासपोर्टचा नंबर होता.

आईला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘खिडकी कुठाय?’

दरवाज्याच्या बाहेरच तिकिटांच्या आणि चौकशीच्या खिडक्या आहेत. तिथे रांगेत वीस मिनिटं गेली. काचेपलीकडच्या बाईंना मी भाषांतराच्या अ‍ॅपवर लिहून दाखवलं, त्यांनी वाचलं आणि त्यांच्या अ‍ॅपवर उत्तर दिलं की हा नंबर या पासपोर्टचा नाही. ते आम्हालाही माहीत होतं. मी दुसऱ्यांदा लिहायला लागले तेवढ्यात आईनं पासपोर्ट माझ्या हातातून घेतला, शेवटचं पान उघडलं आणि काचेला लावलं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर, आई-वडिलांच्या नावाखाली आणि पत्त्याखाली, जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. मी आयुष्यात कधी ती ओळ वाचली नव्हती. आईनं तिच्यावर बोट ठेवलं, मग माझ्या फोनवरच्या नंबरावर ठेवलं. बाईंनी एकेक अंक पुटपुटत जुळवला. एका सहकाऱ्याला बोलावलं, त्यांनीही जुळवला. मग टकटक करून एक चिठ्ठी छापून दिली. सगळं धरून पस्तीस मिनिटं. आम्हाला सोडलं म्हणून सगळ्यांना सोडतीलच असं नाही, तेव्हा नूतनीकरण झालं की साठवलेले नंबर सगळीकडून आधी पुसा. आईचं मत एवढंच की बाईंनी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेतली, हे चांगलं केलं. ‘मीही मनीऑर्डरला तसंच करायचे.’

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मला काही दिसलंच नाही, छाती धडधडत होती. पुढे पाच संगमरवरी पूल, मग थायहमन नावाचं दार, आणि मग ते मोठं पटांगण. तीस-चाळीस सहलींचे झेंडे त्यात होते, तरी रिकामंच वाटत होतं. एकही झाड नाही. समोर तीन मजली पांढऱ्या चौथऱ्यावर थायहतिआन, राज्याभिषेकाचा दरबार. राजवाडा १४०६ ते १४२० या काळात योंगल बादशहानं बांधवला, आणि वर्षभरातच, १४२१ मध्ये, वीज पडून मुख्य दरबार जळाले. आज जो उभा आहे तो १६९५ चा. म्हणजे आपल्याकडे जिंजीला वेढा पडलेला होता आणि राजाराम महाराज आत होते, तेव्हाचा. छपराच्या कडेला ओळीनं छोटे प्राणी बसवलेले असतात. इमारतीचा मान जितका मोठा तितके प्राणी जास्त, आणि दहा फक्त याच छपरावर आहेत. दहावा पंखवाला, माकडाच्या तोंडाचा, हातात वज्रासारखं काही धरलेला. आईनं चप्पल न काढता नमस्कार केला. मी काही बोलले नाही.

दरबारांच्या आत सोडत नाहीत, आणि याची मनाची तयारी ठेवा, कारण मी ठेवली नव्हती. उंबऱ्याबाहेर कठडा, त्यावर चार ओळी माणसं, आत अंधार. दिवे नाहीत. सिंहासन बघायचं तर हात उंच करून फोटो काढायचा आणि मग तो मोठा करून बघायचा. आई दुसऱ्या दरबारानंतर म्हणाली, ‘मी इथून पुढे छपरं बघते, तू आतलं बघ.’ तिचा निर्णय बरोबर होता. सगळे लोक मधल्या रेषेवरून पळत असतात. दोन्ही कडांनी चाललं तर पायऱ्याही कमी आणि गर्दीही. बसायला मात्र बाहेरच्या अंगणांत फारसं काही नाही. चौथऱ्याच्या कडेला टेकलात तर शिटी वाजते. आम्ही घडीचं छोटं स्टूल नेलं होतं, त्याचं वजन दिवसभर वाहिल्याचं सार्थक झालं. स्वच्छतागृहं बरीच आहेत, पण बहुतेक भारतीय पद्धतीची आणि कागद आपला आपण न्यायचा. पहिल्या गोष्टीनं आईला बरं वाटलं, तिच्या गुडघ्यांना नाही.

तिसऱ्या दरबाराच्या, पाओहतिआनच्या, मागच्या उतारावर एक अखंड कोरलेली शिळा आहे. साडेसोळा मीटर लांब, दोनशे टनांहून जड, नऊ ड्रॅगन आणि ढग. ती शहराबाहेरच्या खाणीतून हिवाळ्यात, रस्त्यावर पाणी ओतून केलेल्या बर्फावरून ओढत आणली. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. दरबारात काय आहे ते दिसत नव्हतं, इथे दिसत होतं. अंगणांत ठिकठिकाणी पुरुषभर रुंदीचे ब्राँझचे रांजण आहेत, आग विझवायच्या पाण्याचे. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांना गोधडी आणि खाली निखारे घालत. काहींवरचा सोन्याचा मुलामा खरवडून काढलेला आहे. कोणी १९०० साली घुसलेल्या आठ देशांच्या फौजांचं नाव घेतं, कोणी नंतरच्या जपान्यांचं. १९०० च्या फौजेत इंग्रजांनी नेलेल्या हिंदुस्थानी पलटणीही होत्या. त्या ओरखड्यांवरून हात फिरवावा असं वाटलं नाही.

खजिन्याच्या दालनासाठी उजवीकडे, ईशान्येला वळावं लागतं. दहा युआन जरूर द्या, मुख्य म्हणजे तिथे बाकं आहेत. नऊ ड्रॅगनांच्या रंगीत कौलांच्या भिंतीसमोर आम्ही दशमी-चटणी खाल्ली. त्यातल्या पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाचा एक तुकडा कारागिराकडून फुटला आणि त्यानं रातोरात लाकडाचा बसवून रंगवला, अशी गोष्ट सांगतात. तो तुकडा खरंच वेगळा दिसतो. आईला हा कारागीर सबंध राजवाड्यात सगळ्यात जवळचा वाटला. ती विहीरही तिथेच आहे, जिच्यात १९०० मध्ये चन नावाच्या राणीला ढकलल्याचं सांगतात. इतकं छोटं तोंड आहे की खात्री होत नाही.

बादशहाची मागची घरं, बाग, हे सगळं आम्ही भराभर पाहिलं. शेवटच्या बादशहाला, फूईला, १९२४ मध्ये इथून काढलं आणि पुढच्याच वर्षी, १० ऑक्टोबर १९२५ ला, इथे संग्रहालय सुरू झालं. एका दारावरचा रंग उडालेला, आत सायकली लावलेल्या, अशी एक बोळकंडी मला दिसली. तिथले कर्मचारी डबा खात होते. तो फोटो मी काढला नाही, आता वाटतं काढायला हवा होता.

अडीचला उत्तरेच्या दारानं बाहेर. बाहेर पडताच टॅक्सीवाले अंगावर येतात, हॉटेलपर्यंत शंभर युआन सांगतात. अ‍ॅपवरून मागवली तर वीस-बावीस. रस्त्यापलीकडे चिंगशानची टेकडी, तिकीट २ युआन. खंदकाची माती टाकून ती झाली आहे. आई पायथ्याशी थर्मास घेऊन बसली, मी एकटी वर गेले. वरून पिवळी छपरं एकामागे एक, पार धुरकट दक्षिणेपर्यंत. याच टेकडीवर १६४४ मध्ये मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहानं गळफास घेतला. खाली आले तर आईभोवती तीन चिनी आज्या बसल्या होत्या. चौघी मिळून आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं कापड तपासत होत्या.

रात्री हॉटेलात दुसऱ्या दिवशीचं, स्वर्गमंदिराचं, तिकीट काढायला घेतलं. तेही पासपोर्टवरच. मी सवयीनं साठवलेल्या यादीत नाव शोधायला लागले तशी आईनं चष्मा लावला, पासपोर्ट उघडून दिव्याखाली धरला.

‘तू टाइप कर,’ ती म्हणाली. ‘मी वाचते. मग तू वाच, मी बघते.’